तीन खुणा, एक रेष

जुन्या पटरला, म्हणजे गोल्फमध्ये चेंडू होलकडं लोटायच्या काठीला, एमरी पेपर लावण्याआधी मी त्याचं पूर्ण इन्स्पेक्शन केलं. बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आलं की आधी मोजायचं, मग तोंड उघडायचं, ही आमची शिस्त. ती इथं फार उपयोगी पडली. न मोजता कामाला लागलो असतो तर या पटरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट मी स्वतःच्या हातानं घासून टाकली असती.

पटर माझ्या थोरल्या मामांचा. तरुणपणी ते कॅम्पातल्या लष्कराच्या गोल्फ मैदानावर कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारे, होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे, त्यामुळं अधिकारी सतत येत-जात असायचे. बदली झाली की नको असलेलं सामान वाटून टाकायचे. १९७० च्या दशकात एका मेजरसाहेबांनी जाताना हा पटर मामांच्या हातात ठेवला. साहेबांकडंही तो दुसऱ्या कुणाकडून आलेला होता. मागच्या बाजूला ठोकलेल्या अक्षरांतली 'फोर्ज्ड' आणि 'स्कॉटलंड' एवढीच वाचता येतात, बनवणाऱ्याचं नाव घासून गेलंय. दांडा स्टीलचा आहे. स्कॉटलंडमध्ये ज्यांचे नियम चालतात त्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एनं स्टीलच्या दांड्याला १९२९ मध्ये मान्यता दिली, त्याआधी हिकरीचं लाकूड असायचं. म्हणजे पटर त्यानंतरचा.

गोल्फ हा साहेबांचा खेळ, असं आपल्याकडं सरसकट म्हटलं जातं. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना, म्हणजे खेळ आपल्याकडं येऊन दोनशे वर्षं होत आली. या सगळ्या काळात पिशव्या कुणी वाहिल्या, हरवलेले चेंडू कुणी शोधले, चेंडू डावीकडं वळेल की उजवीकडं हे साहेबाला कुणी सांगितलं? कॅम्पातल्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांनीच. मामा त्यांतले एक. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या जागेवर, उकिडवे बसून नुसत्या नजरेनं उतार सांगायचे. ते ज्ञान त्यांच्याकडं अजून आहे आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

पटरची अवस्था अशी होती. हेड ब्लेड प्रकारचं, म्हणजे पातळ आणि लांबट, दांडा टाचेकडं बसवलेला (हेडची खेळणाऱ्याकडची बाजू ती टाच, पलीकडची ते टोक), मागं खाली एक अरुंद ओठ. क्रोम कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत होता आणि सुटलेल्या कडेखाली गंज शिरला होता. दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे. चामड्याची ग्रिप सुकून तडकलेली, खालच्या टोकाचा दोरा सुटून लोंबत होता. तळाला उभ्या-आडव्या चरांची जाळी. वरच्या कडेवर, मधोमध नव्हे, थोडी टाचेकडं, एक बारीक खाच. आणि मागच्या ओठावर राखाडी धातूचा ओबडधोबड गोळा.

खाच पाहून मला वाटलं, पटर कुठंतरी दगडावर आपटला असेल, कड घासून सरळ करून टाकू. गोळ्याचं तर काही बोलायलाच नको, इतका कुरूप दिसत होता.

मग मोजायला घेतलं. व्ही-ब्लॉक, बेव्हल प्रोट्रॅक्टर, हाइट गेज, सगळं आमच्या स्टँडर्ड रूममधलं, सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन. दांडा तळाशी ७० अंशांचा कोन करत होता. नियमानुसार पटरचा दांडा उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेला लागतो, तेव्हा त्यात हा आरामात बसतो. फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, लॉफ्ट, म्हणजे मागं कललेला कोन, ५ अंश निघाला. हल्लीच्या पटरचा साधारण ३ ते ४ असतो. पटरला लॉफ्ट कशाला, असं मला आधी वाटायचं, कारण चेंडू तर जमिनीवरूनच लोटायचा. पण थांबलेला चेंडू गवतात किंचित रुतून बसतो, आणि पहिल्या क्षणी त्याला त्या खळग्यातून वर काढावं लागतं. पृष्ठभाग जितका खरबरीत आणि संथ, तितका लॉफ्ट जास्त लागतो. जुन्या पटरचे लॉफ्ट म्हणूनच जास्त दिसतात. हे कळल्यावर ठरवलं, या ५ अंशांना हात लावायचा नाही.

फेस सपाट आहे का हे बघायला ब्लू मारला. सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचा आणि फेस त्यावर हलकेच फिरवायचा, म्हणजे जिथं टेकतो तिथं निळा होतो. सगळा फेस निळा झाला आणि टाचेकडं साधारण १५ मिलिमीटर रुंदीचा एक गोल तसाच कोरडा राहिला. तिथला क्रोम पूर्ण उडालेला होता आणि खालचं निकेलही जवळजवळ संपलं होतं. खोली एका मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश. गोलाचा मध्य हाइट गेजनं काढून टोकापासूनचं अंतर लिहून ठेवलं. मग सहज खाचेचं अंतर घेतलं. तेच. मागच्या गोळ्याचा मध्य घेतला. तोही त्याच रेषेत, मिलिमीटरभर इकडं-तिकडं.

फेसवरची झीज, वरची खाच आणि मागचा गोळा. तीन वेगवेगळ्या बाजूंच्या तीन खुणा एकाच उभ्या रेषेत असतील तर तो अपघात नसतो. मी पटर गुंडाळला आणि मामांकडं अनगोळला गेलो.

"खाच काय म्हणतोस? खूण हाय की ती," मामा म्हणाले. "मीच मारली, कानशीनं."

"आणि मागचा गोळा?"

"त्यो डाग हाय. साहेबांना पटर हलका वाटायचा. तवा इथं गवताच्या ग्रीन न्हवत्या, ब्राऊन होत्या. चेंडू पुढं जायचाच न्हाई. भांड्यांना डाग देणाऱ्याकडं मीच घेऊन गेलो. खुणेच्या मागंच घाल म्हणून उभं राहून घालून घेतला."

ज्यांनी ब्राऊन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिथं पाणी कमी आणि गवत राखणं परवडत नाही, तिथं होलभोवती वाळू पसरून त्यात तेल मुरवतात, म्हणजे ती उडत नाही आणि दबून बसते. भारतात, विशेषतः छावण्यांच्या मैदानांवर, अशी ब्राऊन पुष्कळ होती. पटिंगच्या आधी गोणपाट ओढून वाळू सारखी करायची, हे कॅडीचं काम. पटरच्या तळाची चरांची जाळी त्या वाळूची. फेसवरचा गोलही तिचाच, चेंडूला चिकटलेली वाळू वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिली. एकाच जागी, हे महत्त्वाचं. खेळणारा हात किती पक्का होता ते त्यात दिसतं.

"पण मामा, खूण नेमकी तिथंच का?"

मामांनी पटर घेतला, ग्रिपचं टोक दोन बोटांत धरून लटकवला आणि दुसऱ्या हातातल्या चेंडूनं फेसवर टकटक करायला लागले. टोकाकडं मारलं की हेड गिरकी घ्यायचं. टाचेकडं मारलं की उलट्या बाजूनं. मधल्या एका जागी मारलं की पटर न वळता सरळ मागं जायचा, आणि हाताला झिणझिण लागायची नाही. ती जागा खाचेच्या बरोबर खाली होती.

मी नंतर शॉपमध्ये हेच परत करून पाहिलं आणि तीच जागा आली. टाचेकडं दांडा बसवलेल्या ब्लेडमध्ये मानेचं वजन त्या बाजूला असतं, त्यामुळं गुरुत्वमध्य भूमितीच्या मधोमध नसतो, टाचेकडं सरकतो. ब्लेडचं वजन मध्याजवळ गोळा झालेलं असल्यामुळं फटका जरा बाजूला बसला तरी हेड फिरतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी नेमका यावरच उपाय काढला. वजन टाच आणि टोक या दोन टोकांना वाटलं की हेड फिरायला विरोध करतं, हे तत्त्व त्यांनी पटरमध्ये आणलं. १९६६ चा त्यांचा पिंग आन्सर त्याच तत्त्वावरचा, आणि त्याचा आकार पुढं जगभर गिरवला गेला. आमच्या ब्लेडला ती सोय नाही. त्याला ती एक खाच आहे. ती घासून टाकणं म्हणजे ड्रॉइंगवरची सेंटर लाइन खोडणं.

आता प्रश्न असा, की मग पटरला हात तरी का लावायचा? मला विचाराल तर जुन्या, दुर्मीळ, संग्रहात ठेवायच्या पटरला नवा मुलामा देऊच नये. तेलाचं फडकं फिरवावं आणि ठेवून द्यावा. पण मामांना हा खेळायला हवा होता. आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या सुईलासुद्धा गंज चढतो. क्रोमखाली शिरलेला गंज थांबत नाही, वरचा थर उचलत पुढं जातो. म्हणून थर काढायचा ठरलं. त्यात फेसवरचा झिजेचा गोल जाणार होता, कारण तो मुळात निकेलमध्येच होता. त्याचं मला वाईट वाटलं. मोजमाप आणि फोटो ठेवलेत.

क्रोमच्या जागी परत क्रोम नको, हे मामांनीच सांगितलं. "चकचकीत करू नको. दुपारचं ऊन डोळ्यात मारतं." मलाही ते पटलं, दुसऱ्या कारणानं. चांगल्या क्रोमसाठी खालचं लोखंड आरशासारखं बफ करावं लागतं, मग त्यावर निकेल, मग क्रोम. एवढ्यात कडा मरतात, ठोकलेली अक्षरं बुजतात आणि खाच भरते. आमच्या भागात दुसरा सोपा पर्याय होताच, ब्लॅकोडायझिंग. गेज, फिक्श्चर, अॅलन बोल्ट काळे करतात तेच. त्यात वरून काही चढत नाही, लोखंडाचाच वरचा थर काळ्या ऑक्साइडचा होतो, जेमतेम एक मायक्रॉनचा. मापं हलत नाहीत.

आधी हेड आणि दांडा वेगळे करायचे होते. हे टाळून चालत नाही. क्रोम उतरवायचं अॅसिड कडक स्टीलच्या नळीला बाधतं, धातूत हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकते. आणि ब्लॅकोडायझिंगचं द्रावण मानेच्या भोकात अडकलं तर महिन्याभरानं सांध्यातून पांढरी पावडर बाहेर येते. मानेत आरपार एक बारीक पिन होती, दोन्हीकडून क्रोमखाली दडलेली. बोटानं लागत नव्हती, तिरक्या उजेडात दिसली. हीट गननं मान गरम केली, सुंबा लावून पिन हलक्या हातानं ठोकून काढली. मग दांड्याला चामडं गुंडाळून तो व्हाइसमध्ये धरला आणि हेड फिरवत-फिरवत सुटलं. आत जुनं तपकिरी सिमेंट निघालं, लाखेसारखा वास असलेलं. सुटं हेड काट्यावर ठेवलं. ३२१ ग्रॅम.

क्रोम उतरवण्यासाठी उद्यमबागमधल्याच एका प्लेटिंगवाल्याकडं दिलं. हे काम घरी करू नये, हे कळकळीनं सांगतो. क्रोम हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये सुटतो, निकेल काढायला सल्फ्युरिकच्या टाकीत उलटा करंट द्यावा लागतो. धूर आणि उरलेलं पाणी दोन्ही घातक. ज्यांच्याकडं टाक्या, एक्झॉस्ट आणि सांडपाण्याची व्यवस्था आहे त्यांनीच ते करावं. आणखी एक सूचना इथंच देतो. तांब्याच्या रंगाचे काही जुने पटर बेरिलियम कॉपरचे असतात. त्यांना कोरडा एमरी अजिबात मारू नका. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला कायमचा आजार देते. आमचं हेड चुंबकाला चिकटत होतं, म्हणून निर्धास्त होतो.

डागाचा गोळा मात्र अडचणीचा ठरला. प्लेटिंगला देण्याआधी ब्लॅकोडायझिंगवाल्यांना दाखवलं तर त्यांनी लगेच बोट ठेवलं. कथील आणि शिसं त्यांच्या कॉस्टिकच्या गरम टाकीत विरघळतं आणि टाकी खराब होते, मग इतरांचा माल डागाळतो. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मामांना फोन केला.

"काढ की," ते म्हणाले. "वजन तेवढं परत घाल. आणि जागा चुकवू नको."

ब्लो टॉर्चनं गोळा वितळवला, सुती फडक्यानं पुसून घेतला, उरलेला पातळ थर खरवडला. गोळा काट्यावर ११ ग्रॅम भरला. डबीत घालून ठेवलाय.

क्रोम-निकेल उतरल्यावर आतलं लोखंड पहिल्यांदा उघडं दिसलं. राखाडी, मऊसर, फोर्जिंगच्या हातोड्याचा ताण अंगात असलेलं. मागची अक्षरं एकदम ठसठशीत झाली, कारण त्यांच्यावर बसलेले थर गेले. फेसवर परत ब्लू मारला तर अंगठ्याएवढाही कोरडा भाग राहिला नाही. झीज खरोखर निकेलपुरतीच होती.

यानंतर हातानं घासायचं काम. बफिंग करणारे एक अण्णा आमच्याच गल्लीत आहेत. त्यांचा हात इतका तयार आहे की पितळेच्या नळाच्या तोंडावर डाग शोधून सापडत नाही. त्यांच्याकडून फक्त मान करून घेतली, कारण गोल भागावर हातानं एकसारखं येत नाही. त्यांनी मान चाकावर दोन-तीनदा फिरवली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "साकू. इन्नू बेडा." म्हणजे पुरे, आणखी नको. ब्लेडकडं त्यांनी चाक नेलंच नाही. मी काही सांगायच्या आधी त्यांना कळलं होतं की त्या कडा चाकासाठी नाहीत.

ब्लेड मी घरी केलं. जाड काचेच्या तुकड्यावर एमरी पेपर पसरला, रॉकेलचे थेंब टाकले आणि हेड त्यावर टाचेकडून टोकाकडं, एकाच दिशेनं ओढलं. सरफेस प्लेटवर एमरी कधीच वापरायचा नाही, प्लेटच झिजते. मागची बाजू आणि ओठ २२० पासून सुरू करून ४०० आणि ६०० पर्यंत नेले. फेसला फक्त ६००, तेही जेमतेम, कारण तिथून काढण्यासारखं काहीच नव्हतं आणि जास्त ओढलं तर लॉफ्ट बदलतो. वरच्या कडेला पेपर हातानंच, खाचेच्या अलीकडं थांबून पलीकडून परत. खाचेच्या आत लाकडाच्या काडीला पेपर गुंडाळून एक हात दिला, गंज निघण्यापुरता. तळाची जाळी तशीच ठेवली. ती घालवायला बरंच लोखंड काढावं लागलं असतं, आणि त्या चरांनी चेंडूचं काही बिघडत नाही. शिवाय ती आपल्या वाळूची आहे.

या कामात माझे सगळ्यात चांगले तास गेले. रोज मी दुसऱ्यांनी केलेलं काम तपासतो. रिजेक्ट, रिवर्क, ओके, एवढेच शिक्के मारतो. इथं पेपरचा आवाज बदलला की ग्रिट भरलं हे कळायचं, रॉकेल काळं झालं की पुसायचं, बोटाचं पेर फिरवून कड जिवंत आहे का बघायचं. रात्री जेवणानंतर अंगणात बसायचो. शेजारची मुलं येऊन बघत बसायची. त्यांतल्या एकाला ४०० चा पेपर धरायला दिला, तर त्यानं माझ्यापेक्षा सरळ ओढला.

ब्लॅकोडायझिंग बघायला मी मुद्दाम थांबलो. आधी गरम डिग्रीझिंग, कारण बोटाचा ठसासुद्धा उमटतो. मग पाणी, मग हलकं अॅसिड, परत पाणी. त्यानंतर कॉस्टिक आणि नायट्राइटची टाकी, १४० अंशांच्या आसपास उकळणारी. हेड तारेला बांधून आत सोडलं. वर काढलं तेव्हा काळं-निळसर, आणि माझ्या ६०० च्या रेषा त्या काळ्यातूनही दिसत होत्या. खाली जसं पॉलिश, तसंच वर दिसतं. वाईट फिनिश काळ्या रंगाखाली लपत नाही. शेवटी उकळत्या पाण्यात बराच वेळ, मानेच्या भोकात खार राहू नये म्हणून, आणि लगेच तेलात. हा काळा थर एकटा गंज अडवत नाही, त्याच्यात मुरलेलं तेल अडवतं. ते सुकलं की परत घालायचं.

दांड्याचं फार काही नव्हतं. क्रोमवरचा वरवरचा गंज अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. खड्डे राहिले, राहू दिले. नळी आतून फुंकून आणि ठोकून बघितली, भुगा पडला नाही. अक्षरांत पांढरा इनॅमल भरला आणि वरचा थिनरच्या ओलसर फडक्यानं पुसला.

ग्रिपसाठी मात्र मी अथणीला गेलो. रबराची तयार ग्रिप ऑनलाइन मिळते, डबल टेप आणि पेट्रोल वापरून बसतेही पटकन. पण मूळ चामड्याची होती, आणि चामड्यासाठी आपल्याच जिल्ह्यात अथणी असताना दुसरीकडं कशाला बघायचं? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंचे हात त्या एका चपलेत आहेत. तिथल्या एका कारागीर काकांना मी जुनी तडकलेली पट्टी दाखवली. त्यांनी ती वाकवून पाहिली, वास घेतला. त्यांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. तळाला म्हशीचं जाड, वेणीला शेळीचं पातळ. वेणीचं निवडलं.

"हातात धरायचं, की पायात घालायचं?" त्यांनी विचारलं.

"हातात. उन्हात घाम येतो."

"मग मांसाची बाजू आत, आणि तेल कमी."

त्यांनी रापीनं २५ मिलिमीटर रुंद आणि साधारण मीटरभर लांब पट्टी एका दमात कापली, दोन्ही कडा तासून पातळ केल्या म्हणजे वळसा वळशावर चढला तरी उंचवटा येत नाही. दोन्ही टोकं तिरकी. मी पैसे विचारले तर पट्टीचेच सांगितले, तासायचे नाहीत. मीच आग्रहानं दिले.

जोडणी उलट क्रमानं. मान आणि दांड्याचं टोक खरवडून, पुसून, सावकाश सुकणारं अराल्डाइट लावलं. सेट व्हायच्या आधी दांडा व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून फेस चौकोनी आणि कोन ७० अंश आहे का ते तपासलं. जुनी पिन गंजली होती, टर्नर मित्रानं माइल्ड स्टीलची नवी करून दिली. एक रात्र तसंच बांधून ठेवलं. ग्रिपच्या खालचे कागदाचे जुने वेढे शाबूत होते, त्यांवरच डबल टेप आणि वरून पट्टी ओलसर करून खेचत गुंडाळली. ओलं चामडं सुकताना आवळतं. खालच्या टोकाला मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे.

राहिलं वजन. गोळ्याशिवाय हेड ३१० असायला हवं होतं, जोडणीआधी ३०७ भरलं. जवळजवळ २ ग्रॅम निकेल-क्रोमचे आणि उरलेला एमरीचा. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात, ५ ग्रॅमचे तुकडे. तीन तुकडे घेतले, कानशीनं ग्रॅमभर उतरवले आणि मागच्या ओठावर खाचेच्या बरोबर खाली चिकटवले. ३२१. मग ग्रिपचं टोक दोन बोटांत धरून चेंडूनं टकटक करून पाहिलं. खाचेखाली मारल्यावर पटर सरळ मागं गेला.

ओळखीनं परवानगी काढून मामांना मैदानावर नेलं. आता तिथं गवत आहे. मामांनी होलपासून पाचेक पावलांवर चेंडू ठेवला, आधी उकिडवे बसून उतार बघितला, मग उभं राहून पटर खाचेवर लावला. चेंडू होलच्या कडेला लागून पुढं गेला. परत ठेवला. आत गेला. तिसरा आत. मग मला म्हणाले, "वजन बरोबर हाय. आवाज मातर जरा बदललाय, क्रोमचा टणक होता." मलाही तो फरक ऐकू आला होता, थर गेल्याचा असेल किंवा नव्या सिमेंटचा.

दोन गोष्टी सांगून ठेवतो, कुणी असं काम काढलं तर. काळ्या हेडला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवू नका, आत ओल धरते. खेळून आलं की कोरडं पुसायचं आणि मशीन ऑइलचा थेंब बोटावर घेऊन फिरवायचा, फेस सोडून. फेसवर तेल राहिलं तर चेंडूला लागतं. पावसाळ्यात सुती फडक्यात गुंडाळून माळ्यावर नको, माणसांच्या वावरातल्या खोलीत ठेवायचा.

मामांची एक तक्रार अजून शिल्लक आहे. ग्रिप थोडी जाड झालीय, अंगठे खाली दाबून बसत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, कागदाच्या जुन्या वेढ्यांवर नवं चामडं मूळच्यापेक्षा जाड पडलं. पाऊस उघडला की पट्टी सोडवून कागदाचा एक वेढा कमी करणार आहे. चामडं तेच परत बसेल, काकांनी तेवढी लांबी ठेवलीय.